रेणूला

चि. रेणू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मधेच ठेवलास. आईला मी रेंज गेली म्हणून सांगितलं. "बाबा, तुम्ही आधी मार्क विचारता, मग मला," हे तुझं बोलणं रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहितोय. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या सरावाची रविवारची टेस्ट, तिचं विचारणार नाही.

सकाळी दुधाचा हिशोब लिहायला तुझ्या सरावाची जुनी ओएमआर शीट घेतली, पाठकोरी म्हणून. हाताला खरखरीत लागलं. उलटून पाहिलं तर पेन इतकं दाबून गोल रंगवलेस की कागद फाटलाय. तेही पहिल्या पंचेचाळिसांत, फिजिक्सच्या. म्हणजे अजून बायो आधी घेतेस आणि फिजिक्सला वेळ उरत नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकला की एक वजा. येत नसेल तो सोडावा, घाईत गोल... पाहा, सुरू झालो. माफ कर.

आमच्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलची लिस्ट लागायची. १९९६ साली तात्या आणि मी ती भिंतीवरची लिस्ट दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं. परतीच्या एसटीत तात्या खिडकीबाहेर बघत बसले, घर येईपर्यंत एक शब्द नाही. पुढेही कधी तो विषय काढला नाही. तसा गप्प बाप तुझ्या वाट्याला नको, म्हणून मी विचारत राहतो. ते तुला टोचतं, हे काल कळलं.

गेल्या 'नीट'मधल्या तुझ्या ४८१ वर लोक बोलले ते २०२४ चे आकडे डोक्यात धरून. त्या वर्षी सुधारित निकालातही १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते; २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. पेपरच तसा होता. बारावीला बायोलॉजीत ९४ आणलेस, पण बारावी आता फक्त पात्रतेपुरती, याचं मलाच जास्त लागतं. तात्यांच्या पायावरची सूज घरात सगळ्यांच्या आधी तुला दिसली होती. डॉक्टरांनी तेव्हा विचारलं, कुणी ओळखलं? मी तुझं नाव सांगितलं, दोनदा.

रात्री दोन-दोनपर्यंत जागू नकोस. मेसचं जमत नसेल तर सांग, डबा लावू. पैशांचं बघू नकोस.

रविवारी पहिल्या गाडीने लातूरला येतोय. आईने शेंगदाण्याची चटणी केलीय, पिंट्याने तुझी सायकल दुरुस्त केलीय. मार्क विचारणार नाही. टेस्ट किती वाजता सुटते तेवढं कळव, गेटपाशी थांबतो.

तुझे,
बाबा