कपाळावरचा मास्क

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

पेंटबॉल खेळतानाचे फोटो मिळाले. बाबांनी ते जोशीकाकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवले. ‘टीम लीड झाली, आता बंदूकही चालवते!’ मीही हसले. मग दुसऱ्या फोटोत तुझा मास्क कपाळावर दिसला आणि मागे ते दोघं अजून नळी रोखून उभे. शनिवारी पुन्हा जाणार म्हणालीस, म्हणून लिहिते. फोनवर विषय काढला की तुला मीटिंग असते.

जाऊ नको म्हणत नाही. खेळ, खुशाल खेळ.

पण मुग्धा, ती रंगाची गोळी जेमतेम १७ मिलिमीटरची. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर बराचसा मार खोबणीच्या हाडावर बसतो. ही हाडाला न लागता थेट आत शिरते, तीही सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. रंग धुऊन जातो गं.

वॉर्डात मे महिन्यात विटीचे डोळे यायचे, दिवाळीत फटाक्यांचे. पेंटबॉलचा मी एकच पाहिला, निवृत्तीच्या थोडं आधी. कॉलेजचा मुलगा. काचेवर वाफ धरली म्हणून पुसायला मास्क वर केला, तेवढ्यात लागलं. बुबुळापुढे रक्त साचून तळाशी बसलेलं. उशी उंच करून पडून राहा म्हटलं तर ऐकेना. रक्त ओसरलं, तेव्हा मागचा पडदा फाटलेला दिसला. त्याची आई मला सारखी विचारायची, चष्म्याने भागेल ना?

बघ, पुन्हा ड्युटीवर असल्यासारखी बोलायला लागले. रागावू नकोस. पण तुझा नंबर उणे सहाचा. अशा डोळ्यांचा पडदा मुळात ताणलेला असतो, त्याला धक्का सोसत नाही. चौथीत चष्मा लागला तेव्हा तू तो पिठाच्या डब्यात लपवला होतास, आठवतं? आजी भाकरीचं पीठ काढायला गेली आणि किंचाळली. तीन दिवस फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतलंस, पण चष्मा लपवल्याचं कबूल केलं नाहीस. हट्टी तेव्हाही होतीस. त्याच हट्टाने एवढी पुढे गेलीस, हे मला कळतं.

तर वाफ धरली तर मास्क उचलायचा नाही. हात वर करून मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, सांगायचं आणि जाळीबाहेर यायचं. डाव संपला असं कोणी ओरडलं तरी नाही. सगळ्यांच्या नळ्यांवर टोपणं चढेपर्यंत नाही. दुहेरी काचेचे मास्क मिळतात, त्यांच्यावर वाफ कमी धरते. एएसटीएम एफ १७७६ असा शिक्का बघून घे, ते पेंटबॉलच्या मास्कचं मानक आहे. गॉगल किंवा कारखान्यातला चष्मा चालत नाही. लीड तूच आहेस, तू मास्क काढलास की बाकीची पोरंही काढणार. आणि नुसतं बघत उभ्या असलेल्यांनाही घालायला लाव.

लागलंच कोणाला, तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. वर कागदी कप धरून चिकटपट्टी लावायची आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे. दिसतंय नीट म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही. अशा माराने काचबिंदू कित्येक वर्षांनंतरही उगवतो.

बस, आता एक अक्षर नाही. विनयबरोबर गोडा मसाला आणि मेतकूट पाठवतेय, डबा परत कर. बाबांची साखर बरी आहे. नव्या खोलीत ऊन येतं का, ते तू अजून सांगितलं नाहीस.

तुझी,
आई

ता. क. चष्म्यावरून बसेल असा मोठा मास्क माग. तो घट्ट होतो म्हणून चष्मा काढून खेळशील, मला माहीत आहे. लेन्स लावून गेलीस तरी मास्क हवाच.