माउसला हात न लावणाऱ्या दादांस

दादा,

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. चार वर्षं जिन्यात नुसती मान हलवण्यापुरती ओळख. तुम्ही कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये बेमालूम जोडायचं काम, करता हे आईला दूधवाल्याकडून कळलं, आणि तिनं मला न विचारताच तुम्हाला गाठलं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याआधी वर्षभर मी हेच शिकायला एका क्लासला जात होते. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून फी भरलेली, भिंतीवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. शंका विचारली की सर खुर्चीमागून वाकायचे, माझ्या हातातला माउस घ्यायचे, खटाखट चार नोड (सॉफ्टवेअरमधले एकेका कामाचे ठोकळे) जोडायचे आणि म्हणायचे, “झालं ना?” झालेलं असायचं. कसं, ते त्यांनाच ठाऊक.

तुम्ही नाइट शिफ्ट करून आला होता. डोळे लाल. मी माझा शॉट लावला. गच्चीवर अस्तराचं हिरवं कापड बांधून बहिणीला उभं केलं होतं आणि मागे मोबाइलवर घेतलेला वसईचा किल्ला. केसांभोवती उजळ कड दिसत होती. क्लासमध्ये यावर एकच औषध: कड आत ढकला. मग केसच जायचे.

तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, “अल्फा बघितलास?” मी ‘ए’ दाबलं, कुठला भाग किती पारदर्शक ते दाखवणारं काळंपांढरं चित्र आलं. अल्फा ठीक होता. “मग गॅमा कुठे वाढवलास?” उजळपणा वाढवला होता तो प्रीमल्टनंतर, म्हणजे रंगाला अल्फानं गुणून झाल्यावर. एवढंच विचारून तुम्ही गप्प बसलात. एका हातात चहाचा कप, दुसरा हात खिशात. मला तो खिशातला हात अजून दिसतो. तुम्हाला दहा सेकंदांचं काम होतं ते. मी चुकीचे नोड जोडले, तोडले, पुन्हा जोडले. तुम्ही जांभई दिलीत, पण माउसकडे हात नेला नाहीत. चाळीसेक मिनिटांनी मी आधी अनप्रीमल्ट (तो गुणाकार उलटा), मग ग्रेड (उजळपणाची दुरुस्ती), मग पुन्हा प्रीमल्ट असं लावलं आणि कड गेली. एकेक केस जागच्या जागी! तुम्ही म्हणालात, “हं.” चहावर साय धरली होती.

रंगाला अल्फानं आधीच गुणून ठेवायची ही रीत पोर्टर आणि डफ यांनी १९८४ साली मांडली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. फी घेणाऱ्यांपर्यंत ती अजून पोचायची आहे बहुतेक.

न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट मिळते, एचडीपर्यंतचं काम त्यात निघतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि सुरुवातीला रोटोच करावा लागेल, म्हणजे माणसाची कड हातानं आखत बसायचं, चौकटीमागून चौकट, कंटाळा येईल, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. गोड बोलून कुणी फसवलं नाही असं वर्षभरात पहिल्यांदाच घडलं. शिकवणारे खूप असतात हो, समोरच्याला चुकू देणारं माणूस मिळत नाही. स्वतःची झोप घालवून तर नाहीच.

गेल्या महिन्यात मालाडला रोटोत लागले. पगार सांगण्यासारखा नाही, पण पतपेढीचा हप्ता निघतो. बाबांनी पेढे आणलेत, तुमचा डबा वेगळा काढून ठेवलाय.

आईनं विचारलंय, तुम्ही चहा गारच पिता का? रविवारी या. कप रिकामा होईपर्यंत मी शॉट उघडणार नाही.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची