आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

"ताई, ही गोळी कसली आहे ते मला सांगता येणार नाही." त्या संध्याकाळी काउंटरवर तुम्ही असं म्हणालात, आणि मुख्यतः त्याच एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पांढरी, गोल, बारीक गोळी. तुमचं उभं आयुष्य औषधांत गेलंय. "अहो, ही ॲसिडिटीची दिसतेय, घाबरू नका" असं तुम्ही म्हणाला असतात तर आम्ही विश्वास ठेवला असता. खरं तर तेच ऐकायला आम्ही धावत आलो होतो. तुम्ही ते म्हणाला नाहीत. "अशा पांढऱ्या गोळ्या पन्नास औषधांच्या असतात. नुसती बघून ओळखायची नसते. कळत नाही म्हणूनच आत्ता दवाखान्यात जायचं," असं म्हणालात.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून घडलं ते थोडक्यात सांगते. गडहिंग्लजहून मामा मुक्कामाला आले होते. बीपीच्या, शुगरच्या, आणखी कसल्या कसल्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून एकाच प्लास्टिकच्या पुडीत बांधून आणायची त्यांची सवय. आमचं बाळ दहा महिन्यांचं, नुकतंच रांगायला लागलेलं. ते पुडी घेऊन बसलेलं दिसलं तेव्हा ओठाला पांढरं लागलं होतं आणि एक अर्धी विरघळलेली गोळी मुठीत होती. पुडीत किती गोळ्या होत्या ते मामांनाही आठवेना. क्षणात घर माणसांनी भरलं. कुणी म्हणे मिठाचं पाणी पाजा, भडाभडा उलटी होईल. कुणी म्हणे दूध पाजा, औषध मारलं जातं. कुणी म्हणे, "खेळतंय की पोरगं, काय न्हाई होत." सगळी मायेची माणसं, पण त्यातलं एकही ऐकण्यासारखं नव्हतं, हे तुमच्याकडे आल्यावर कळलं.

तुम्ही आधी बाळाला उजेडात धरून तोंडात टॉर्च मारलात. जिभेवर दिसत होता तेवढाच चोथा ओल्या फडक्यानं पुसून घेतलात, घशात बोट घातलं नाहीत. उलटी करवायची नाही, हे तुम्ही आमच्या घरच्यांना इतक्या ठामपणे सांगितलंत की मागून आलेली मंडळी गप्प झाली. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मिठाच्या पाण्यानं एवढ्याशा जिवाच्या रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, हे कारणही सांगितलंत. दुधानं गोळीचा असर जात नाही, डॉक्टर सांगेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, हेही तेव्हाच कळलं.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. पुडी सापडली किती वाजता? त्याआधी बाळ नजरेआड किती वेळ होतं? वजन किती? मामांना कसला कसला आजार? उत्तरं तुम्ही बिलाच्या पाठीमागे लिहीत गेलात. उरलेल्या गोळ्या, ती अर्धी गोळी आणि पुडी एका पाकिटात घालून ते माझ्या हातात दिलंत. बाळ जागं होतं, श्वास नीट होता आणि राजारामपुरीतून सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, काही लांब नाही, म्हणून रिक्षा थांबवलीत. पेंगुळलं असतं, झटका आला असता किंवा श्वास अडकला असता तर एका कुशीवर झोपवून १०८ ला फोन करायचा, हेही रिक्षात बसता बसता सांगितलंत.

आम्ही गेल्यावर तुम्ही काय केलंत ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालतं. त्याच्या १८०० ११६ ११७ या टोल फ्री नंबरवर तुम्ही फोन लावलात. बाळाचं वय, वजन, वेळ सगळं सांगितलंत. मग मामांच्या मुलाला गडहिंग्लजला फोन करून घरातल्या रिकाम्या आणि भरल्या सगळ्या स्ट्रिपांचे फोटो मागवलेत. सीपीआरमध्ये डॉक्टर "औषधं कोणती?" असं विचारत होते तेव्हा ते फोटो माझ्या मोबाईलवर येऊन पडले होते. त्यात बीपीचं अॅम्लोडिपिन होतं आणि शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी होती.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग रक्तातली साखर वाढलेली असो वा नसो. मधुमेह असलेल्या माणसासाठी ते औषध आहे. बाळाच्या यकृतात साखरेचा साठाच मुळात थोडा, त्यामुळे त्याच्यासाठी एक गोळीही जिवावर बेतू शकते. आणि असर लगेच दिसेलच असं नाही, काही तासांनी दिसतो. म्हणून बाळ हसत असलं तरी किमान चोवीस तास ठेवून घेणार, असं त्यांनी सांगितलं. दर तासाला टाचेतून थेंबभर रक्त काढून साखर बघत होते. संध्याकाळी सगळं ठीक होतं. मध्यरात्र उलटल्यावर साखर घसरली. बाळ झोपलेलंच दिसत होतं, मला वेगळं काहीच जाणवलं नव्हतं. सिस्टरांनी तपासलं म्हणून कळलं, आणि लगेच सलाईनमधून ग्लुकोज सुरू झालं.

काका, ती झोप आमच्या घरात लागली असती तर मी पांघरूण घालून दिवा मालवला असता.

सीपीआरच्या डॉक्टरांचे आणि रात्रभर जागलेल्या सिस्टरांचे आभार मी तिथेच मानले. रिक्षावाल्या दादांनी भाडं घेतलं नाही, तेही इथे नोंदवते. पण त्या रात्री बाळ वॉर्डात होतं ते तुम्ही खोटा धीर दिला नाहीत म्हणून.

नंतर मी दुकानात आले तेव्हाही तुम्ही आभाराचा विषय टाळून कामाचंच बोललात. स्ट्रिप कापून देताना नाव, बॅच आणि मुदतीची तारीख असलेला भाग तुम्ही शेवटपर्यंत गिऱ्हाइकाकडे राहू देता, ते कशासाठी, हे मला तेव्हा समजलं. बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या लहान मुलांना किती घातक असतात तेही तुम्ही सांगितलंत. आणि देवघरातला कापूर! तो पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता कापराची डबी वरच्या फळीवर, कडीच्या कपाटात असते. मामांच्या गोळ्या त्यांच्या स्ट्रिपमध्येच राहतात, पिशवी आली की आधी त्याच कपाटात जाते, आणि याला मामांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही.

एक विनंती आहे. बिलाच्या पाठीमागे तुम्ही लिहिलेले ते प्रश्न, त्याखाली "उलटी नाही, मीठपाणी नाही, दूध नाही, वाट बघणं नाही", आणि दोन्ही फोन नंबर, एवढं मी मोठ्या अक्षरांत टाईप करून घेतलंय. तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा. मग काउंटरच्या काचेवर लावू, आणि गल्लीतल्या दोन्ही अंगणवाड्यांतही देऊ. झेरॉक्सचा खर्च आमचा. रविवारी सकाळी कागद घेऊन येते.

तुमची ऋणी,
बाळाची आई
राजारामपुरी, कोल्हापूर