चि. सुहासला, दाखल होण्याआधी

विश्रामबाग, सांगली
मंगळवार

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तुझ्या दारूविषयी तू जे सांगितलेस ते सांगण्याचे धाडस गोळा करायला तुला किती महिने लागले असतील, या विचारात मी दोन रात्री काढल्या. तुझा शेवटचा प्रश्न होता, "अण्णा, ॲडमिट व्हावंच लागेल का?" आणि मी नुसते "बघू" म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलेल्या माणसाने स्वतःच्या मुलाला इतके तोकडे उत्तर द्यावे, याची मला लाज वाटते. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहितो.

आधी जी गोष्ट सांगणार आहे ती वाचून तुला वाटेल की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. डॉक्टरांना भेटेपर्यंत दारू स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस. रोजची हाफ, सकाळी हातांना कंप, आणि ऑफिसला निघण्यापूर्वी एक पेग घेतल्याशिवाय शर्टाची बटणे लागत नाहीत, असे तू सांगितलेस. इतकी सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तोडली, तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम आणि मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काही जणांना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ताप, भ्रम आणि भास होतात, ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. गणपतीत सोडतो, श्रावणात सोडतो असे म्हणून घरच्या घरी दारू सोडणाऱ्यांचे आपल्याकडे कौतुक होते, पण रोज सकाळी प्यावी लागणाऱ्या माणसाने तसे करणे धोक्याचे आहे, हे त्या कौतुकात कोणी सांगत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. तुझे थोरले काका, म्हणजे माझे दादा, बोलताना जरा अडखळत, 'स' आणि 'श' त्यांना नीट म्हणता येत नसे, आणि तू सहा-सात वर्षांचा असताना त्यांची नक्कल केलीस म्हणून मी तुला थोबाडीत मारली होती. का मारली, हे मी तुला कधी सांगितले नाही. १९८८ साली तासगावच्या मळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून दादांची दारू सोडवायची ठरवली, म्हणजे त्यांना खताच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मोरचुदाच्या निळ्या डागांनी भरलेली ती खोली आणि गजांच्या खिडकीतून आत सरकवलेले भाकरीचे ताट मला अजून दिसते. दुसऱ्या रात्री त्यांना फिट आली. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल हुंगवली, आणि शुद्ध आल्यावर आम्ही पुन्हा कडी लावली. त्या फिटीत दातांखाली येऊन त्यांची जीभ तुटली होती, हे सकाळी कळले. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंगळे झाडू लागले, आईला ओळखेनासे झाले, तेव्हा कुठे ट्रॉलीत गादी टाकून आम्ही त्यांना मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली आणि किती?" आम्ही आठ माणसे उभी होतो. एकालाही ते सांगता आले नाही.

म्हणून आजपासून एका वहीत तारीख, वेळ आणि प्रमाण लिहीत जा. खोटे लिहू नकोस. ती वही मी वाचणार नाही, डॉक्टर वाचतील. झोपेची गोळी घेत असशील तर तीही लिही, कारण तिची सवयही अचानक तोडता येत नाही. मधल्या काळात फिट आली, भास झाले, ताप चढला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता मेघनाने तुला थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, आणि हा पिणारा माणूस आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगावे. ते सांगायला संकोच करून चालत नाही. पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की दोन बाटल्या लावून घ्यायच्या, ही आपल्याकडची रीत अशा वेळी महागात पडते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू एकच प्रश्न विचारलास, पण त्यात दोन आहेत. दारू शरीरातून सुरक्षितपणे उतरवायची कुठे, हा पहिला. आणि ती पुन्हा हातात येऊ नये यासाठीचे उपचार कुठे घ्यायचे, हा दुसरा. पहिल्याला साधारण आठवडा लागतो. ज्याची सवय बेताची आहे, ज्याला पूर्वी कधी फिट आलेली नाही, ज्याचे यकृत ठीक आहे आणि ज्याच्यापाशी दिवसरात्र जागे राहणारे शहाणे माणूस आहे, त्याला डॉक्टर घरी ठेवून, रोज तपासून, कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्यांवर बाहेर काढू शकतात. तुझी सकाळची थरथर ऐकल्यावर, आणि घरात मेघना एकटी व बाळ दीड वर्षाचे असताना, तू या वर्गात बसतोस असे मला वाटत नाही. निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा राहील, पण हा आठवडा तू रुग्णालयात काढावास असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि लोक चुकतात ते इथेच. आठवडाभराने हात स्थिर होतात, भूक लागते, तोंडावर तजेला येतो, आणि माणसाला वाटते की झाले, सुटली. दादांना दोनदा असे वाटले. वास्तविक उपचार त्यानंतर सुरू होतात, आणि त्यांचीही औषधासारखी मात्रा असते. कोणाला पंधरा दिवसांनी ओपीडीत जाऊन गोळ्या आणि समुपदेशन पुरते. कोणाला दिवसभर केंद्रात आणि रात्री घरी, अशी सोय जिथे मिळते तिथे ती लागू पडते. कोणाला महिना-दीड महिना घरापासून दूर राहावे लागते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे आणि तिथला निवासी कार्यक्रम पाच आठवड्यांचा असतो; साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले 'परिवर्तन' हे केंद्र आहे. जास्त दिवस आणि जास्त पैसे म्हणजे जास्त गुण, असे मात्र नाही. मात्रा कमी पडली तर आजार उलटतो हे खरे, पण नको त्या माणसाला नको तितकी दिली तर तो उपचारालाच कंटाळून पळतो, हेही मी पाहिले आहे.

तुझ्यासाठी किती, हे ठरवताना डॉक्टर तुला बरेच विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिचे गुण चाळीसपैकी मोजतात आणि वीस किंवा त्याहून जास्त आले तर व्यसन जडले असण्याची शक्यता धरून सविस्तर तपासणी करतात. तिची उत्तरे मेघनासमोर द्यायला लागली तरी खरी दे. यकृत आणि साखर पाहतील. मन उदास असते का, जगणे नको वाटते का, हेही विचारतील, आणि तसे काही असेल तर ते लपवणे सगळ्यात घातक. पण माझ्या मते तुझ्या बाबतीत निर्णय दोन गोष्टींवर फिरेल. गेल्या वर्षी तू दोनदा स्वतः सोडलीस आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत परत धरलीस. आणि तुझी शुक्रवारची संध्याकाळ, तुझी टीम, तुझ्या सोसायटीच्या फाटकासमोरचा बार, हे सगळे तू रुग्णालयातून घरी आल्यावर जागच्या जागी असणार आहे. ओपीडीचे उपचार चालायला निदान घर आणि रस्ता तरी आपल्या बाजूने असावा लागतो. म्हणून माझा कल निवासी केंद्राकडे आहे. तुझा नसेल तर तो डॉक्टरांसमोर मांड, मी वाद घालणार नाही.

केंद्र मात्र आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही. मिरजेहून आल्यावर दोन वर्षांनी आम्ही दादांना एका ठिकाणी ठेवले, त्याचे नाव मी लिहीत नाही. डोके भादरले, फरशा पुसायला लावल्या, मारले, आणि दोन महिने आम्हाला भेटू दिले नाही. तिथे डॉक्टर येतच नव्हते. सुटले त्या संध्याकाळी एस.टी. स्टँडवर उतरून दादा घरी न येता गुत्त्यात गेले. आम्ही त्यांनाच दोष दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले मानसिक विकारही धरलेले आहेत, त्यामुळे त्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि कोणालाही साखळीने बांधणे त्या कायद्याने बंद केले आहे. तू आपल्या पायांनी दाखल होतोस तर आपल्या इच्छेने बाहेर पडण्याचा हक्कही तुला आहे. तो वापरू नकोस असे मी विनवीन, पण हक्क आहे हे तुला माहीत असावे.

तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र बघायला मागू. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री परिचारिका असते का, कोणाला फिट आली तर कुठे हलवतात, घरच्यांशी कोण आणि कधी बोलते, बाहेर पडल्यानंतर पुढचे वर्ष कोण पाहते, आणि एकूण खर्च कागदावर लिहून देतात का, हे विचारू. "शंभर टक्के गॅरंटी" हे शब्द कोणी उच्चारले की मी चपला घालणार. स्वयंपाकघरही पाहू, कारण जिथे जेवण लपवतात तिथे आणखीही काही लपवतात. विम्याच्या भरवशावर राहू नकोस; बहुतेक पॉलिसींत व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात, तुझी पॉलिसी काढून वाच. पैशांची व्यवस्था मी केली आहे आणि त्यावर चर्चा नको.

औषधांविषयी एक गोष्ट सांगायची आहे, जी तुझ्या आईलाही माहीत नाही. दुकानात दर आठवड्याला एखादी बाई यायची, गर्दी ओसरेपर्यंत खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहायची, आणि मग हळू आवाजात विचारायची, "दारू सुटायची गोळी आहे का? त्यांना कळता कामा नये." ती डायसल्फिराम. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आणि गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती घेणाऱ्याला सगळे सांगून, यकृत तपासून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. मी एकदा चिठ्ठीशिवाय दिली. त्या बाईने ती आमटीत घातली आणि नवरा बाहेर पिऊन आला. तो वाचला. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहत असे. डॉक्टर तुला हीच गोळी देतील किंवा ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन वा अकॅम्प्रोसेट देतील. काही दिली तरी तुझ्या हाताने, तुझ्या माहितीत घ्यायची. मेघनाला कोणी जाहिरातीतली गुप्त पावडर सुचवली तर ती तिने संडासात ओतावी.

दादांचे पुढे काय झाले ते तुला अर्धे माहीत आहे. तिसऱ्या वेळी ते स्वतः गेले, आणि परत आल्यावर दर गुरुवारी एका शाळेच्या वर्गात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभेला बसू लागले. तिथे फी नसते आणि नावही पूर्ण विचारत नाहीत. सात महिन्यांनी ते एकदा पुन्हा प्याले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आपणहून ओपीडीच्या रांगेत उभे राहिले. त्यानंतरची बावीस वर्षे तू पाहिलीस. घरच्यांसाठी अशाच अल-अनॉनच्या सभा असतात. आम्ही कोणी गेलो नाही, मेघनाने जावे.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की दारूचे व्यसन जडलेल्या अडतीस माणसांत एकाला कसले तरी उपचार मिळतात. तू विचारलेस, हे मी लहान समजत नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतो. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ मेघनाने घ्यावी. ओळखीचे कोणी नसेल तर व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारता येते, आणि रात्री-अपरात्री मन फार खचले तर १४४१६ वर. ऑफिसला फक्त वैद्यकीय रजा लिही, कारण सांगण्याची गरज नाही. गाडीची चावी आजच मेघनाकडे दे. आई भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते आहे, त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाक करू नका. काकांची जुनी फाईल मी माळ्यावरून काढली आहे, तीही आणतो. रक्ताच्या नात्यात कोणाला हा आजार होता का, असे डॉक्टर विचारतीलच.

तुझा,
अण्णा