पावसाळा आणि कुत्र्याचे कान

संपादक साहेब,

पावसाळा आला की आमच्या लॅब्राडोरचे कान हमखास बिघडतात, यंदा तर डोकं झटकून झटकून एका कानाची पाळी पुरीसारखी फुगली, आत रक्त साठलेलं, शेवटी छोटं ऑपरेशनच करावं लागलं. चूक आमचीच, शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून कोमट तेल घालत बसलो. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते हो, इंग्रजी एलसारखी वळलेली असते, त्यात ओल राहिली की यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढते, वास तर विचारूच नका. इअरबडने मळ आणखी आत जातो. आणि मांजराच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं तर ते बहुतेक माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव, घरातल्या बाकीच्या प्राण्यांनाही लागतात. पुरवणीत सर्दी-खोकल्यावर पानभर येतं, यावरही चार ओळी छापा की!

– एक वाचक, डोंबिवली