उंबऱ्यावरची वायर

चिपळूण,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीपासून तुला पत्र लिहायचे राहून गेले आहे आणि त्याला आळसाखेरीज दुसरे कारण नाही. माझी प्रकृती ठीक, अण्णांचीही बरी. आज मात्र लिहायला बसलो, कारण संध्याकाळी जे घडले त्यातले अक्षरही घरात कोणाला कळले नाही, आणि ज्याला कळेल तो या लॅपटॉपचा पहिला मालकच आहे.

होय, तोच. जाताना तू माझ्या गळ्यात मारलेला. हल्ली तो अण्णांच्या ओटीवर असतो. राउटर माजघरात आणि वायफाय कधीचेच मुके, म्हणून अण्णांनी लॅनची वायर उंबरा ओलांडून बाहेर आणली होती. गेल्या आषाढात वीज गेलेली असताना त्याच वायरीत त्यांचा पाय अडकला. हाड मोडले नाही एवढेच. तेव्हापासून ती वायर माझ्या मनातून जाईना, आणि या खेपेस ती काढूनच परतायचे असे ठरवून आलो.

लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घातली. डेबियनकरांच्या २०२२च्या मतदानानंतर बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे पण खुले नसलेले सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले असल्याने वायफायचे कार्ड आपोआप चालेल, अशी माझी समजूत होती. (त्या मतदानाच्या बातमीने तुझ्यासारखा खुल्या सॉफ्टवेअरचा कैवारी किती तळमळला असेल, या कल्पनेने मी तेव्हा एकटाच हसलो होतो.) कार्ड ढिम्म. एलएसपीसीआय या आज्ञेने कार्डाची ओळख सांगितली: ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, १४ई४:४३१५. हा आकडा मला माझ्या पॅन क्रमांकापेक्षा पाठ आहे. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये जुनेच रडगाणे होते, ‘युकोड१५’ ही फर्मवेअरची फाइल सापडत नाही. मग लख्ख आठवले, की बी४३ हा कार्ड चालवणारा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी त्याला लागणारे फर्मवेअर इतरांनी वाटायची परवानगी नसल्याने ते डेबियनच्या संचातही नसते. इन्स्टॉलर पॅकेज कंपनीचा जुना ड्रायव्हर नेटवरून उतरवून घेते आणि फर्मवेअर कटर त्यातून हवा तो तुकडा कापून काढतो. म्हणजे नेट आणायला आधी नेट हवे. २०१० साली याच पायी आपण भर पावसात पेन ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सायबर कॅफेत गेलो होतो. या वेळी वायर हाताशी होती, तेव्हा ती काढण्यासाठी शेवटची तीच लावली.

फर्मवेअर बसले, तरी एकही नेटवर्क दिसेना. तासभर ड्रायव्हरचे मोड्यूल काढ, मोड्यूल घाल, असे चालले होते. अखेर वायरलेस कशाने बंद आहे ते सांगणाऱ्या आरएफकिलला विचारले, तर सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरने बंद) नाही, हार्ड ब्लॉक (बटणाने बंद) आहे. पुढच्या कडेचे ते नखाएवढे सरकते बटण! आईने जुन्या इरकलीची शिवलेली खोळ चढवताना ते दर वेळी बंदच्या बाजूला सरकते, आणि अण्णा खोळ रोज घालतात. ‘आधी बटण बघ’ हे तुझे वाक्य मला ऐकू आले, ते मी मुद्दाम न ऐकल्यासारखे केले. बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

आता खरी काळजी. माजघर आणि ओटी यांच्यामध्ये जांभ्याची दीड हात जाडीची भिंत आहे. बी४३वर ओटीवरचा सिग्नल उणे ७६ डीबीएमच्या आसपास, म्हणजे क्षीणच, राहतो आणि व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो. ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर डब्ल्यूएल घालून पाहिला तर कॉल नीट चालतो. पण डब्ल्यूएल कर्नलच्या बाहेरचा, प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस या साधनाने तो पुन्हा बांधायचा, त्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या की बांधला जात नाही, आणि वायफाय कोणत्या दिवशी जाईल याचा नेम नाही. तो दिवस उगवेल तेव्हा मी पुण्यात असेन आणि अण्णा मला न सांगता पुन्हा वायर ओढतील. कर्नलचे अपडेट थांबवावे, तर अण्णा याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करतात. माझ्या सबमिशनच्या आदल्या रात्री तू न विचारता डब्ल्यूएल उडवून बी४३ घातला होतास आणि मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो, हे विसरलेलो नाही. फर्मवेअर दोन्हीकडे बंदिस्तच, मग तुझ्या तत्त्वाला अर्थ काय, हा माझा मुद्दा आजही कायम आहे. तरीसुद्धा आज संध्याकाळी डब्ल्यूएल मीच काढला. कॉल गोठला तर अण्णा चिडतील, पण नेट अजिबात गेले तर ते उठून वायर शोधतील.

राउटर भिंतीच्या अलीकडे आणावा, तर त्यासाठी भोक पाडावे लागेल आणि त्या भिंतीला कोणी हात लावलेला अण्णांना खपत नाही. तुला काही सुचत असेल तर मंगळवारच्या आत कळव, बुधवारी सकाळी माझी गाडी आहे.

तुझ्या नव्या नोकरीचे वहिनींकडून कळले, अभिनंदन. चिरंजीवांची दहावी यंदाच ना?

वायर गुंडाळून माझ्या बॅगेत तळाशी ठेवली आहे. ती कुठे ठेवलीस म्हणून अण्णांनी जेवताना दोनदा विचारले.

तुझा,
वसंता