विषय: एकाच नंबरचे दोन डबे, दोन रंग

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच २८ मिनिटं तुमचं संगीत ऐकून फोन ठेवला. तक्रार क्रमांक देत नाही. दर वेळी नवा मिळतो, आता चार झालेत. हवा तो घ्या.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्याला तुमच्या शेडकार्डावरचा मातकट तपकिरी निवडला. सागवानी झोपाळा, पितळी कड्या आणि मागे हा रंग, ही सुनेची कल्पना. चांगलीच होती. पुट्टी, प्रायमर सगळं तुमचंच. पहिल्या ४ लिटरमध्ये झोपाळ्यामागची भिंत आणि शेजारची खिडकीपर्यंत झाली. एवढ्यात भागेल असं दुकानदार म्हणाला होता, नाही भागलं. तीन दिवसांनी दुसरा डबा आणला. शेडचा नंबर तोच, ज्यात रंग मिसळतात तो बेस तोच, बॅच वेगळी.

दोन हात मारून वाळल्यावर खिडकीच्या चौकटीपासून छतापर्यंत उभी रेघ उमटली. अलीकडे चिंचेचा कोळ, पलीकडे त्याच कोळात कुणी सोलकढी ओतावी तसं. तपकिरीत लाल, पिवळा, काळा असं मिसळतात आणि पिवळा कमी पडला की तो गुलाबीकडे झुकतो, हे मी तुम्हाला सांगायचं? टिंटिंग मशीन तुमचं, बेस तुमचा. दुकानदार म्हणतो, "काका, ए तो कंपनीने पूछो." गुजरातीत याचा अर्थ 'कंपनीला विचारा'. मराठीत वाचलं तर कंपनीनेच विचारायचंय असं वाटतं, आणि तेच बरोबर आहे.

आता आजचा फोन. तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने आधी विचारलं, "अंकल, ट्यूबलाइट में देखा क्या?" म्हटलं, ट्यूबलाइटमध्ये पाहिलं, पिवळ्या बल्बखाली पाहिलं, सकाळी अकराच्या उन्हात दार सताड उघडून पाहिलं. रेघ तिथेच. मग थोडी शांतता. मागे कुणीतरी काहीतरी पढवत होतं, ते मला ऐकू येत होतं. मग, "अंकल, आपकी एज?" ६८. "मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है?" हो, दोन्ही डोळ्यांचं! "तो शायद..."

शायद काय? मोतीबिंदू काढल्यावर रंग उलट जास्त स्वच्छ दिसतात, ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा. आणि सुनेचं वय ३४ आहे, रंगाऱ्याचं त्याहून कमी. दूधवाल्यालाही दारातूनच रेघ दिसली. त्या सगळ्यांचा मोतीबिंदू मी कुठून आणू? हे ऐकून ती म्हणाली, "आजकल टू-टोन का ट्रेंड है." वर, गणपतीच्या डेकोरेशनमागे ते झाकलं जाईल, असंही सुचवलं. मखर कुठे मांडायचं हे आता कंपनी ठरवणार का?

डबे आधीच एकत्र ओतून घ्यायला हवे होते, हे उत्तरही तयार ठेवलं असेल तर राहू द्या. दुसरा डबा तीन दिवसांनी आला, कारण तुमच्याच दुकानदाराचा हिशेब चुकला. हे मी आधीच सांगितलंय, पण तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट चारदा सांगावी लागते.

वडिलांच्या वेळेपासून या घराला तुमचाच रंग लागत आला. ते डिस्टेंपर पंधरा वर्षं टिकलं आणि त्यात कधी रेघ दिसली नाही. आता लाज वाटते ती एवढ्याचसाठी की शेजाऱ्यांनाही मीच तुमचं नाव सुचवलं होतं.

दोन्ही भिंतींना पुरेल एवढा एकाच बॅचचा रंग आणि रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी, एवढंच हवंय. सात दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, डब्यांची झाकणं, बिलं आणि भिंतीचे फोटो जपून ठेवलेत. गणपती दारात आहेत, त्यामुळे आठवा दिवस मिळणार नाही.

यापुढे फोन करायचाच झाला तर वय न विचारता करावा.

एक ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा